पोथी वाचणारं घर, तरी भिंत पडलीच ना?

दर सप्टेंबरात कुणीतरी विचारतंच, "तुमच्या घरात रोज ज्ञानेश्वरी वाचली जायची, तरी भिंत पडलीच ना? मग अजून कशाला वाचता?" यंदा तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

भूकंपाचं तुम्हाला ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या दिवशी विसर्जन. आमचं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीजवळचं. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवद. गळू नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षं माती चढवलेली. मी अकरा वर्षांचा. मिरवणूक बघून आलो आणि अंगणातच बाजेवर आडवा झालो म्हणून वाचलो; यात माझी पुण्याई काही नाही. आज्जी आणि धाकटी बहीण आत होत्या.

तिसऱ्या दिवशी ढिगारा उपसताना पोथी निघाली. देवळीत होती, लाल फडक्यात. तुळई आडवी अडकल्यामुळं तिला ओरखडासुद्धा नव्हता. लोकांनी हात जोडले. कुणी म्हणालं, "बघा, माउलीनं राखलं!" एका म्हाताऱ्यानं झेंडूची माळ घातली. कुठून आणली त्या दिवसांत, कोण जाणे. त्याच दगडांखालून आदल्या दिवशी बहिणीला काढलं होतं. मी पोथी उचलली आणि भिरकावली. बाप गेला, चिखलातून उचलून आणली, सदऱ्याला पुसली. मला एक शब्द बोलला नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग पंधरा वर्षं हात लावला नाही. आज्जीचा जीव नवव्या अध्यायात, 'योगक्षेमं वहाम्यहम्'वर; भक्तांच्या गरजेचं आणि रक्षणाचं ओझं मी वाहतो, असं कृष्ण तिथं म्हणतो. आयुर्विमा महामंडळाचं ब्रीदही तेच, आणि मीही तो श्लोक पॉलिसीसारखाच धरला होता: आज्जीनं जन्मभर हप्ते भरले, देवानं हात वर केले.

बापाच्या वर्षश्राद्धाला पोथी उघडली ती त्याच्यासाठी. नवव्यातच माउलीचा दृष्टांत आहे, पंख न फुटलेल्या पिलाच्या जिवानं जगणाऱ्या पक्षिणीचा. घरटं पडणार नाही, असं माउली तिथं म्हणत नाहीत. आणि दुसऱ्या अध्यायात तोच कृष्ण अर्जुनाला 'निर्योगक्षेम' हो म्हणतो. योगक्षेमाची काळजी सोडायला सांगणारा नवव्यात वाहतो तरी काय? भिंत नसणार. शेत नसणार. आतलंच काहीतरी असणार.

हे मी पोथीतून शिकलो की गरजेपोटी रचलं, सांगता येत नाही. चारच्या आत अजून जाग येते. स्लॅबखाली झोपवत नाही म्हणून वर पत्रा घातलाय, तरी नजर वरच जाते. मग ती ओवी पुटपुटत बसतो. हळूहळू छातीवरचं उतरतं, आणि तेवढा वेळ कुणाच्या तरी पंखाखाली असल्यासारखं वाटतं. मला मिळालेलं संरक्षण म्हणाल तर एवढंच.

अकरा वर्षांच्या त्या पोराला हे पटत नाही. तो म्हणतो, देवाला पळवाट काढून दिलीस. सहा वर्षांची होती ती, तिच्या आतलं काय राखलं त्यानं? इथं मी गप्प होतो. एका कीर्तनकारानं 'प्रारब्ध' म्हणून उत्तर दिलं होतं. त्याच्या कीर्तनाला पुन्हा गेलो नाही.

पोथी तीच आहे, फडकं नवं. पुनर्वसनातल्या घराला देवळी नाही, म्हणून टीव्हीशेजारच्या फळीवर असते. दसऱ्याला बायको तिला झेंडू वाहायला जाते. मी वाहू देत नाही.