बाळ येशू कुठे ठेवलाय?

नाताळाच्या तयारीचा जो आगमनकाळ, त्याचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो. आमच्या वसईकडच्या चर्चमध्ये गोठ्याची, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याची, पहिली सभा त्याच्याही आधी होते, आणि त्या एका सभेत जेवढं काम उरकतं तेवढं पुढे महिनाभरात उरकत नाही. कागदावर म्हणते मी. कागदावर धबधबा वाहतो, पवनचक्की फिरते, तारा दोरीवरून सरकत सरकत येऊन बरोब्बर गव्हाणीच्या डोक्यावर थांबतो. एक काका दरवर्षी हात वर करून सांगतात, "मोटर माझ्याकडे आहे, काळजी नको." मोटर त्यांच्याकडे खरोखरच आहे. ती विहिरीवरची आहे हे मात्र नळी जोडून बटण दाबल्यावर कळलं. तोवर धबधबा मेंढपाळांना घेऊन गायनवृंदाच्या कीबोर्डपर्यंत पोचला होता.

असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेचो गावात गोठा मांडला तेव्हा त्याने गव्हाण घेतली, गवत घेतलं, खराखुरा बैल आणि खरंखुरं गाढव उभं केलं. संपला विषय. माळा नाहीत, एक्स्टेंशन बोर्ड नाही, "थर्माकोल चालेल का?" नाही. खरं तर बैल आणि गाढव येशूजन्माच्या कथेत कुठेच नाहीत. शुभवर्तमान लिहिणारा लूक फक्त गव्हाण सांगतो; ही जोडी आली ती बायबलच्या जुन्या करारातल्या यशयाच्या पुस्तकातल्या एका ओवीमुळे. पण हे आमच्या समितीत बोलायची सोय नाही. बैलाचं शिंग एम-सीलने बसवून रात्रभर हाताने धरून ठेवलेला माणूस समोर बसलेला असतो.

पुतळे माळ्यावरून खाली उतरतात तेव्हा प्रत्येकाच्या अंगावर गेल्या वर्षीचं वर्तमानपत्र असतं, त्यामुळे पहिला तासभर सगळे जुन्या बातम्याच वाचतात. मग जखमींची मोजदाद. योसेफाची बोटं दर वर्षी जातात, मारियेला मात्र कधी काही होत नाही. फुटलेल्या मेंढ्यांच्या जागी नव्या आणल्या त्या दुकानात होत्या त्या मापाच्या, म्हणून आमच्याकडची एक मेंढी उंटाच्या खांद्याला लागते. जाणकार नाकं मुरडतात. लहान मुलं तिच्याचपुढे गर्दी करतात आणि मला विचाराल तर मुलांचं बरोबर आहे.

गोठ्यातल्या हिरवळीसाठी नाचणी नाहीतर गहू पेरायचा असतो. हे काम घरोघर वाटून दिलेलं. बिस्किटांच्या डब्यांची झाकणं, फुटक्या थाळ्या, आइस्क्रीमचे डबे, जे हाताला लागेल त्यात चार बोटं माती घालायची, भिजवलेलं धान्य दाट पसरायचं, वर ओलं फडकं. दोन-तीन दिवसांत पांढरे कोंब फडकं उचलून धरतात. इथपर्यंत सगळं छान चालतं. मग कोणी ते फडकं काढायलाच विसरतं आणि आत लांबसडक, पिवळट, मान टाकलेली शेती तयार होते. कोणी हौसेने गच्चीवर उन्हात ठेवतं आणि चिमण्यांचा सण आठवडाभर आधीच साजरा होतो. यंदा शेजारणीचं सगळं पीक तिच्याच कोंबडीने फस्त केलं. शेजारीण समितीच्या ग्रुपवर कोंबडीचा फोटो टाकून मोकळी झाली, खाली लिहिलं, "हिला गोठ्यात उभी करा."

गोठ्याला असे पन्नास हात लागतात. नाताळात गरजूंना द्यायच्या शिध्याच्या पिशव्यांना लागत नाहीत. संत व्हिन्सेंट दि पॉलच्या नावाची जी सोसायटी बहुतेक चर्चमधून गरजूंना मदत करते, ती १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू झाली. फ्रेडरिक ओझानाम तेव्हा वीस वर्षांचा विद्यार्थी होता. आमच्याकडे त्या कामाला वीस वर्षांचं कोणी फिरकत नाही. गुडघ्याला पट्टा बांधलेल्या आम्हीच बायका. तांदूळ, तूरडाळ, साखर, चहापत्ती, तेलाची पिशवी, आणि सणाचं म्हणून रवा, मैदा, थोडे मनुके. तेलाची पिशवी तळाला ठेवायची की वर, यावर दोन पक्ष आहेत. तळाला ठेवली तर दबून फुटते, वर ठेवली तर घसरून पडून फुटते. मैदा आणि तेल एकत्र झाल्यावर जे होतं त्याच्या करंज्या करता येत नाहीत, एवढं मी अनुभवाने सांगते.

आमचा एक नियम मला फार पटतो. पिशवी संध्याकाळी दिवेलागणीनंतर द्यायची, दाराशी उभं राहून भाषण करायचं नाही आणि फोटो काढायचा नाही. ज्याला घ्यायचंय त्याला गावाच्या देखत घ्यावं लागू नये. पण अंधाराचे स्वतःचे घोटाळे असतात. एका आळीत एकाच आडनावाची पाच घरं. यंदा पिशवी गेली ती दुमजली बंगलेवाल्यांकडे. पोचवणाऱ्या मुलाने नियम पाळला, एक शब्द न बोलता पिशवी हातात देऊन तो पसार झाला. दुसऱ्या दिवशी बंगल्यातून समितीसाठी भलामोठा प्लम केक आला, सोबत निरोप: "आठवण ठेवलीत, बरं वाटलं." आता त्यांना सांगणार कोण? सिस्टर म्हणाल्या, केक खा आणि गप्प बसा. खऱ्या घरी दुसरी पिशवी गेली, त्यात केकचा मोठा तुकडाही गेला.

चोवीस तारखेच्या मध्यरात्रीच्या मिस्सापर्यंत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेपर्यंत, गव्हाण रिकामी ठेवायची असते. म्हणून बाळ येशूचा पुतळा बाकीच्यांपासून वेगळा, जपून ठेवतात. इतका जपून, की ठेवणाऱ्यालाही आठवत नाही. रात्री दहाच्या सुमारास ग्रुपवर प्रश्न पडला, "बाळ येशू कुठे ठेवलाय?" त्याखाली उत्तरांची रांग. माळ्यावर बघा. वेदीमागच्या कपाटात बघा. फादरांना विचारू नका, ते प्रवचनाची तयारी करताहेत. पुतळा निघाला तिजोरीत, दानपेटीच्या पैशांशेजारी, टर्किश टॉवेलात गुंडाळलेला. तिजोरीची किल्ली खजिनदारांकडे, आणि खजिनदार सांताक्लॉजचा डगला घालून कॅरोलवाल्यांबरोबर टेम्पोत. मोबाईल डगल्याच्या आतल्या पँटच्या खिशात. शेवटी एका मुलाला स्कूटरवर पिटाळलं. टेम्पो सापडला दोन गल्ल्या पलीकडे, एका कुत्र्याने अडवून धरलेला. कुत्र्याला कापसाची दाढी मान्य नव्हती. किल्ली चालत्या स्कूटरवरून आली, पाठोपाठ घामाने निथळणारा सांता.

बाळ येशूच्या दर्शनाला दुरून आलेल्या तीन राजांचं गोठ्यात लगेच काम नसतं. त्यांचा सण ६ जानेवारीचा, आपल्याकडे त्याच्या जवळच्या रविवारी होतो. तोवर त्यांनी वाटेत असायचं, म्हणून आम्ही त्यांना दाराजवळ ठेवतो आणि रोज थोडं थोडं पुढे सरकवतो. निदान ठरलं तसं होतं. अठ्ठावीस तारखेला मी गेले तर राजे पुन्हा दारातल्या पवित्र पाण्याच्या भांड्यापाशी, उंटांची तोंडं रस्त्याकडे, आणि त्यांच्या पुढे वाटाड्या म्हणून ती मोठी मेंढी.