घरीच तर आहेस

माझं अख्खं ऑफिस पाठीवरच्या एका सॅकमध्ये मावतं. लॅपटॉप, चार्जर, पॉवर बँक, हेडफोन आणि दोन केबली. सामान कमी तर कटकट कमी, या मताचा मी कट्टर. पण गोव्यातल्या चोडण बेटावरच्या घरी राहून काम करायला लागल्यापासून एक गोष्ट ध्यानात आली आहे: सामान जितकं कमी, तितका माणूस घरच्यांना रिकामा दिसतो.

पदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे, सायकल असते, मागे टोपली असते, वर पों-पों. तो कामावर आहे हे अख्ख्या वाड्याला कळतं. मी बाल्कनीत मांडीवर लॅपटॉप घेऊन कुठल्यातरी परदेशी कंपनीचा बंद पडलेला सर्व्हर उठवत असतो, तेव्हा काकी येऊन सांगते, "आज नारळ उतरवायला पाडेली येणार आहे. खाली उभा राहून नारळ मोज. तू घरीच तर आहेस." मीटिंग आहे म्हटलं, तर ती बाल्कनीभर नजर फिरवते. मीटिंगला आलेलं कुणीच तिला दिसत नाही.

खरं तर हे सुटसुटीतपण सहज आलेलं नाही. पूर्वी लॅपटॉपच्या चार्जरची वीट वेगळी वाहावी लागायची. आता गॅलियम नायट्राइडचा ६५ वॉटचा चार्जर मुठीत राहतो, कारण तो वीज फार जास्त वेगाने चालू-बंद करतो आणि त्यामुळे आतला ट्रान्सफॉर्मर लहान चालतो. टाइप-सीमुळे फोन आणि लॅपटॉपला एकच केबल. पॉवर बँक २०,००० एमएएचची, म्हणजे ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॉट-तास. विमानात विनापरवानगी १०० पर्यंत चालते, तीही हातातल्या बॅगेतच. पावसाळ्यात तारेवर माड आडवा झाला की मात्र याच पॉवर बँकवर राउटर जगतो. राउटरला १२ व्होल्ट लागतात आणि साध्या यूएसबीतून ५ मिळतात, म्हणून मध्ये व्होल्ट चढवणारी एक केबल. या केबलीचा मला लॅपटॉपपेक्षा जास्त अभिमान आहे.

पण खरी करामत रायबंदरच्या फेरीबोटीत दिसते. घरचं वायफाय मागे सुटतं, फोनचं नेटवर्क लागतं, नदीच्या मध्यावर तेही रुसतं. दूरच्या सर्व्हरवर काम करायचा नेहमीचा मार्ग म्हणजे एसएसएच; ते अशा वेळी गोठून बसतं. मी त्याऐवजी मॉश वापरतो. अमेरिकेतल्या एमआयटीत तयार झालेला हा प्रोग्राम २०१२ साली आला. फोन-लॅपटॉपचा इंटरनेटवरचा पत्ता बदलला तरी त्याचं संभाषण तुटत नाही, आणि टाइप केलेली अक्षरं सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता पडद्यावर उमटतात. चोडणच्या धक्क्यावर अर्धवट सोडलेली कमांड रायबंदरला उतरल्यावर पुरी करता येते. शेजारी टोपलीत मासळी घेऊन बसलेल्या बाईला वाटतं, पोरगा गेम खेळतोय.

शेवटी मी चोवीस इंची मॉनिटर आणला. कामाला त्याची गरज नव्हती, काकीला होती. आता त्यावर दिवसभर लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, सरकत असतात, काळ्यावर हिरवी अक्षरं. त्यातलं फारसं मी वाचतही नाही. पण काकी उंबऱ्यावर थांबते, आवाज खाली आणून विचारते, "कामात आहेस?" आणि मी मान हलवली की परत जाते.

नारळ आता काका मोजतात. तेही घरीच असतात, निवृत्त आहेत. परवा त्यांनी विचारलं, मॉनिटर केवढ्याला पडला?