गरम घाणा

विदर्भातल्या खेड्यात हॉटेल म्हणजे चार बल्ल्या, वर टिनाचं छप्पर, समोर मातीनं लिंपलेली भट्टी, तिच्यावर हातभर रुंद कढई अन् बाजूला पाण्याचा ड्रम. एक एसटी स्टँडला लागून असतं, एखाददुसरं फाट्यावर, एक बाजाराच्या ओट्यांजवळ. मेनूकार्ड नसतं. काचेच्या कपाटात दिसतं तेवढंच मिळत असेल असं नव्या माणसाला वाटतं अन् तिथंच तो फसतो, कारण कपाटात उरलेला माल असतो. गावचा माणूस कपाटाकडं ढुंकूनही पाहत नाही. तो कढईकडं नजर टाकून विचारतो, “काय निंघून रायलं?”

कढईत एका वेळी मावेल तेवढा माल तळून निघाला की तो एक घाणा. अशा ठिकाणी पदार्थाचं नाव सांगण्याआधी घाण्याची वेळ विचारावी. झाऱ्यातून उतरलेला आलूबोंडा पहिली दहा मिनिटं कुरकुरीत असतो. पुढं आलूतली वाफ बाहेर यायला पाहते, बेसनाच्या कवचात अडकते अन् कवच नरम पडतं. झाकून ठेवला तर आणखीच लवकर. अर्ध्या तासानं तोच बोंडा हाताला दमट लागतो.

सकाळी सहा-सात वाजता कढईला सुट्टी असते, तेव्हा पोहे. किलोभर जाड पोह्यांत बारा-पंधरा प्लेटा निघतात. पोहे भिजवून पाणी निथळायला दहा मिनिटं दिली नाहीत तर गोळे होतात अन् कमी भिजवले तर नऊ वाजेपर्यंत दाताला लागतात. परातीत पोह्यांचा ढीग लावून वर ओलं फडकं टाकतो तो हॉटेलवाला जाणता समजावा. वरून पाण्याचे हबके मारत बसतो तिथं पोहे वरून चिकट अन् आतून कोरडे मिळणार. साडेआठनंतर पोहे मागू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे.

पोह्यावर तर्री, म्हणजे वर लाल तेल तरंगणारा चण्याचा तिखट रस्सा. काळे चणे रात्री भिजवायचे, सकाळी शिजवायचे अन् कांदा, भाजलेलं सुकं खोबरं, लसूण-आलं आणि गरम मसाल्याच्या पातळ रश्श्यात सोडायचे. किलोभर चण्याला पाव किलो तेल म्हणजे कमीच. तर्रीची सगळी कला तिखट टाकण्यात आहे. लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. म्हणून फोडणीचं तेल भट्टीवरून खाली घ्यायचं, अर्धा मिनिट थांबायचं अन् मगच तिखट टाकायचं. धुरावलेल्या तेलात टाकलं तर ते दोन-चार सेकंदांत काळं पडतं, रस्सा कडू होतो, आणि वर लिंबू किंवा गूळ काहीही टाकलं तरी तो कडूपणा जात नाही. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, पण खेड्यातला हॉटेलवाला मानांकनाच्या भानगडीत पडत नाही. बाजारातून मिरची आणतो, उन्हात वाळवतो अन् डंकावरून कुटून आणतो. रश्श्यात बेसन किंवा डाळ घालून घट्टपणा आणला असेल तर तेल वर येत नाही, आतच अडकतं. म्हणून पातेल्यात डोकावावं. वर बोटभर लाल थर तरंगताना दिसला की “तर्री मारा जराशी” म्हणायला हरकत नाही. दुसऱ्यांदा रस्सा मागितला तर त्याचे पैसे बहुतेक ठिकाणी लावत नाहीत.

नऊच्या सुमारास भट्टी जोर धरते. पेटवायला पऱ्हाटी अन् तळायला बाभूळ, असा हिशेब असतो. कपाशीची वाळकी पऱ्हाटी धडाक्यानं पेटते अन् तेवढ्याच लवकर बसते, त्यामुळं नुसत्या पऱ्हाटीवर तळलं तर तेल कधी चढतं, कधी उतरतं, अन् एकाच घाण्यात चार बोंडे करपलेले नि चार तेलकट निघतात. बाभळीचा निखारा एकसारखी धग देतो. हल्ली बऱ्याच ठिकाणी गॅस आला आहे. सोय झाली, पण कढई मोठी अन् बर्नर लहान असला की पहिला घाणा बरा निघतो अन् दुसरा तेल पितो.

आलूबोंड्याचं गणित असं: पाच किलो आलूत साठ-सत्तर बोंडे, त्याला दीड-पावणेदोन किलो बेसन. आलू उकडून पूर्ण गार झाल्यावरच कुस्करायचे. गरम असताना कुस्करले तर चिकट होतात, ओल राहते अन् तेलात गेल्यावर तीच ओल वाफ होऊन कवच फोडते. कोल्ड स्टोरेजमधला आलू गोडसर लागतो, त्याला मिरची-लसूण वाढवावा लागतो. मिरची, लसूण, आलं, हळद, मोहरीची फोडणी अन् भरपूर सांबार. इथं सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीसोबतचा सांबार हवा असेल तर तसं खुलासेवार सांगावं लागतं.

बेसनाचं भिजवण किलोला लिटर-सव्वा लिटर पाण्यात, ओवा, मीठ अन् दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन घालून. सोडा अर्धा लहान चमचा, बस्स. पण सोड्यानं माल फुगतो, म्हणून हात सैल सुटतो. जास्त सोड्याचा बोंडा ओळखणं सोपं आहे. हळद सोड्यात लालसर होते, त्यामुळं कवच पिवळं न राहता तांबूस-काळपट दिसतं. फोडला तर जाळीदार, अन् कागदावर ठेवला की तेलाचा डाग पसरतच जातो.

तळणारा माणूस तेल तापलं का ते कधी विचारत नाही. बोटानं भिजवणाचा एक थेंब तेलात झटकतो. थेंब तळाशी जाऊन रेंगाळला तर अजून वेळ आहे. पडल्या पडल्या वर येऊन फुलला तर सोडायचं. येता येताच काळा झाला तर दोन लाकडं ओढून घ्यायची. मग गोळा भिजवणात बुडवून, जादा बेसन भांड्याच्या काठाला पुसून, कढईच्या कडेवरून अलगद सरकवायचा. वरून टाकला तर तेल मनगटावर येतं. चार-पाच लिटर तेलात पंधरा-वीस बोंडे पुरे. बसमधून गर्दी उतरली म्हणून तीस कोंबले की तेल थंड पडतं अन् बोंडे तळले न जाता तेलात भिजतात. गर्दीच्या वेळचा घाणा नेहमी चांगला, हा समज इथं खोटा ठरतो. गर्दी ओसरल्यावर लगेच निघणारा घाणा घ्यावा.

खायची पद्धतही ठरलेली आहे. बोंडा फोडून वर रस्सा, कच्चा कांदा, सांबार, लिंबू. वऱ्हाडाकडं रश्श्याऐवजी कढी मिळते अन् ती जास्त मानवते, विशेषतः उन्हात. कढी फाटलेली असेल तर खाली पाणी नि वर कण दिसतात. दही घुसळताना बेसन लावलं नाही किंवा मोठ्या आचेवर न ढवळता उकळू दिली की ती फाटते. रस्सा असो की कढी, वेगळ्या वाटीत मागावी. नाहीतर घाण्याची सगळी मेहनत दोन मिनिटांत लगदा होऊन जाते.

एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा दुपारचा आलूबोंडा टाळलेला बरा. सकाळी कुस्करून ठेवलेला आलू एकपर्यंत आंबतो, अन् तळल्यावर तो आंबटपणा लसणाच्या वासात झाकून जातो. त्या दिवसांत भजे किंवा मुंगवडे घ्यावेत. मुंगाची डाळ चार तास भिजवून जाडसर वाटलेली असली की सोड्याची गरज नसते. रात्रभर भिजवली तर ती पाणी धरते अन् वडा तेल पितो.

तेलाबद्दल बोलावंच लागतं. वारंवार तापवलेल्या तेलातले पोलर घटक (तेल बिघडत जातं तसे ते वाढतात) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरू नये, असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. फाट्यावर मीटर कुणाकडं असणार? डोळ्यांनीच मोजायचं. माल टाकल्यावर येणारा फेस मोठ्या बुडबुड्यांचा असतो अन् लगेच विरतो. बारीक, साबणासारखा फेस कढईच्या काठापर्यंत चढून तसाच टिकला तर तेल संपलेलं आहे. मंद आचेवरही धूर, झाऱ्यावरून पाकासारखी जाड धार, घशात खवखवणारा वास, यातलं काहीही जाणवलं तर चहा पिऊन निघावं. अन् गरम माल छापील पेपरात घेऊ नये, शाई तेलात उतरते. पळसाच्या पानांचा द्रोण असेल तर उत्तम. पूर्व विदर्भात तो अजून दिसतो.

घाण्याचा नियम एका पदार्थाला लागत नाही, तो म्हणजे शेगावची कचोरी. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या कुटुंबानं शेगाव स्टेशनवर ती सुरू केली, अन् मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्यांनी ती लांबवर पोचवली. मैद्याचं कवच मंद तेलात बराच वेळ तळलं की त्यातलं पाणी निघून जातं, म्हणून ती गार झाली तरी खुसखुशीत राहते अन् दुसऱ्या दिवशीही खाता येते. प्रवासात बांधून न्यायची तर हीच. आलूबोंडा पिशवीत बांधून नेणं म्हणजे त्याचा अपमान आहे. हिवाळ्यात सांबार स्वस्त झाला की मिळणारी सांबारवडीही दोन-चार तास टिकते, पण सांबार धुऊन कापडावर पूर्ण कोरडा केलेला असला तरच. ओला भरला तर वडी तेलातच फुटते अन् कढईभर पाला तरंगतो.

विदर्भ सोडून गेलं की नावं बदलतात. पुण्यात आलूबोंडा मागितला तर समोरचा क्षणभर थांबून बटाटावडा देतो, सोबत रस्सा येत नाही. पोह्यावर तर्री मागितली तर ओलं खोबरं अन् शेव येते. तेही वाईट नसतं म्हणा.

बाजाराच्या दिवशी हॉटेलाचं रूपच पालटतं. घाण्यामागं घाणा निघतो, कपाटात काही साचतच नाही, त्यामुळं खायला सगळ्यांत भरवशाचा दिवस तोच. भरवसा नसतो तो दुसऱ्या दिवशीचा. आदल्या दिवशीचे भजे सकाळी पुन्हा तेलातून काढून ‘गरम’ म्हणून येतात. दुहेरी तळलेला भजा कडक, गडद अन् वजनाला हलका लागतो; हातात घेतला की कळतो.

पोटभर जेवायचं तर ढाबा. ज्वारीची भाकर सांगितल्यावर थापून यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, पाटोडी-रश्श्याला, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या रश्श्याला तेवढीच. पाटोडी रश्श्यात वाढतानाच टाकलेली हवी. आधीपासून उकळत ठेवली तर विरघळून नुसतं पिठलं उरतं. १९९५ साली सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं काढली होती. स्टँडजवळ कुठं कुठं त्यांच्या पाट्या राहिल्या, आत मात्र समोसे अन् चहा.

संध्याकाळी सातनंतर भट्टी बसायला लागते. शेवटचा घाणा मुक्कामी गाडीसाठी. ड्रायव्हर-कंडक्टर रात्री गावातच झोपतात, त्यांच्यापुरते आठ-दहा भजे अन् उरल्या तेलात चिरा दिलेल्या चार हिरव्या मिरच्या. मिरचीला चीर दिलेली नसली तर ती तेलात फटकन फुटते. मग कढई खाली उतरते, तेल थोडं निवल्यावर फडक्यातून डब्यात गाळलं जातं. फडक्यावर उरलेला काळा चुरा रोज फेकला जातो की महिनाभर तळाशी साचतो, ते सकाळी डब्याचं झाकण उघडल्याबरोबर वासावरून समजतं.