कडवळाच्या रानात भांगलण का लागत नाही

आमच्या निपाणीच्या बाजूला कडवळाच्या, म्हणजे चाऱ्यासाठी पेरलेल्या जोंधळ्याच्या, तुकड्यात भांगलणीला, तण खुरपायला, बायका कोण घालत नाही. दाट पेरायचं, वाढू द्यायचं, कापून म्हशींपुढं टाकायचं. विचारलं तर सगळे एकच सांगतात, सावलीनं तण मरतं. सावली पडते हे खरंच. पण जोंधळ्याची मुळं खालून काय करतात ते बघितल्यापासून मी सगळं श्रेय सावलीला देत नाही.

बघायला सोपं आहे. जोंधळ्याचे दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून अंधारात ठेवायचे. फडकं दमट हवं. पाणी साचलं तर मुळांवर लव धरत नाही. काही दिवसांनी पोरांच्या दप्तरातलं भिंग घेऊन पांढऱ्या मुळाकडं बघा. लवेच्या टोकाटोकाला पिवळे, तेलकट थेंब दिसतात. सोर्गोलिओन म्हणतात त्याला. १९८६ मध्ये शास्त्रज्ञांनी ते मुळांतून वेगळं काढलं. मक्यात आपण ॲट्राझिन हे तणनाशक मारतो ना, ते पानात प्रकाशावर अन्न तयार होण्याची साखळी ज्या जागी तोडतं, त्याच जागी हेही बसतं. उगवत्या बारीक तणाला याचा तडाखा जास्त. लव्हाळ्याला मात्र फारसं काही होत नाही. त्याच्या गाठी जमिनीत खोल, शिदोरी बांधून बसलेल्या. तिथं खुरपंच.

सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, “जोंधळा इखारीच असतोय. कोवळं कडवळ म्हशीला कधी घातलंय का आपण?” बरोबर आहे. कोवळ्या पानात धुरिन असतं, जनावराच्या पोटात त्याचं सायनाइड होतं. मुळातलं विष वेगळं, पानातलं वेगळं, पण झाड एकच.

आता दुकानात ‘सेंद्रिय तणनाशक’ म्हणून बाटल्या दिसतात आणि मोबाईलवर मीठ-गोमूत्राचे व्हिडिओ फिरतात. मीठ रानात ओतायचं कुणाच्या डोक्यातनं आलं कुणास ठाऊक! जोंधळ्याचा अर्क मात्र थापेबाजी नाही. पाकिस्तानात फैसलाबादला वाळलेल्या जोंधळ्याचे तुकडे पाण्यात भिजवून, गाळून, उकळून आटवलेलं पाणी गव्हावर फवारून बघितलंय. तण कमी झालं, पण साफ गेलं नाही. एवढा खटाटोप करण्यापेक्षा फेरपालटात कडवळ घ्यावं आणि धसकटं रानातच राहू द्यावीत, असं माझं मत. चाराही मिळतो.

एक गोष्ट मात्र भांगलणीचं गणित चुकवते, ती म्हणजे टारफुला हे तण. उसात, शाळूत (रब्बी जोंधळ्यात) तो मुळाला चिकटून रस ओढतो. त्याचं बी धुळीएवढं, जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि जोंधळ्याच्या मुळातनं सुटणाऱ्या दुसऱ्या एका रसायनानं जागं होतं. म्हणजे इतर तणाला मारणारं मूळच याला आवतण देतंय. कापसाचं मूळही त्याला जागं करतं, पण त्याला कापसावर चिकटता येत नाही, मग ते उपाशी मरतं. म्हणून टारफुल्याच्या रानात मी कडवळ सुचवणार नाही.

आणि हे विष आपलं-परकं बघत नाही. कडवळ काढून लगेच मेथी-कोथिंबीर टाकली तर उगवण विरळ होते, वर रोपं पिवळी पडतात. त्या पिवळेपणात धसकटं कुजताना ओढून घेतात त्या नत्राचाही वाटा असतो, सगळं खापर सोर्गोलिओनवर फोडू नये. मिरची-वांग्याची तयार रोपं त्यातल्या त्यात तग धरतात. रान तयार झालंय का हे कळायला मी त्यातलीच माती एका डब्यात आणि बांधावरची दुसऱ्या डब्यात भरते, दोन्हींत सारखीच मेथी टाकते, आणि दोन्हीकडं सारखी उगवली की मगच पेरायला बी काढते.