कार्ड वाच की आधी! मॅजिकच्या नियमांचा गुंता सोडवताना

बेळगावात आमचा ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा कार्डांचा खेळ खेळणाऱ्यांचा छोटा कंपू आहे. शहापूर-टिळकवाडीची पोरं, एक निपाणीचा, एक गोकाकचा कन्नड मित्र आणि रविवारी खानापूरहून बसने येणारा माझा आतेभाऊ. कार्डं इंग्रजीत, भांडण मराठीत, आणि पारा चढला की कन्नडमध्ये. स्पर्धेत काही अडलं तर हात वर करून जजला बोलावता येतं. घरच्या डावात जज कुठून आणायचा? त्यामुळे बरेच दिवस ज्याचा आवाज मोठा त्याचा निकाल खरा, असंच चाललं होतं. आणि यात दरवेळी मार खायचा तो नवखा.

निपाणीच्या मित्राचं तेच झालं. त्याच्याकडे प्रॉडिगल सॉर्सरर होता, १९९३ च्या पहिल्या सेटमधलं जुनं कार्ड. टॅप केलं, म्हणजे वापरल्याची खूण म्हणून आडवं फिरवलं, की एक डॅमेज (इजा) देतं. त्याने ते टॅप करून समोरच्या १/१ क्रीचरवर नेम धरला (पहिला आकडा पॉवर, म्हणजे मारण्याची ताकद; दुसरा टफनेस, म्हणजे मरायला किती डॅमेज लागतो ते). समोरच्याने उत्तरादाखल लाइटनिंग बोल्ट हा स्पेल, म्हणजे मंत्राचं कार्ड, टाकून सॉर्सररलाच मारलं. “मेलं की ते, आता कसलं डॅमेज?” सगळे एका सुरात म्हणाले. तो बिचारा काही बोलला नाही, मुकाट्याने कार्ड उचलून बाजूला ठेवलं. मला मात्र ते पटेना.

त्या रात्री मी खेळाची संपूर्ण नियमावली उतरवून घेतली. खेळ काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीच्या साइटवर ती फुकट मिळते. बघून धडकी भरते, कारण पानं तीनशेच्या आसपास. पण ती कादंबरीसारखी वाचायचीच नसते. नऊ भाग आहेत आणि प्रत्येक नियमाला क्रमांक आहे. टर्नचे टप्पे पाचव्या भागात, स्पेल आणि एबिलिटी (कार्डाला जे करता येतं ते) सहाव्यात, अनेकांच्या डावाचे नियम आठव्यात. शेवटी शब्दसूची आहे, तिथून सुरुवात केली की नेमका क्रमांक लवकर हाती लागतो. आमचं उत्तर ११३.७ए मध्ये सापडलं: एबिलिटी एकदा स्टॅकवर (टाकलेल्या पण अजून न लागलेल्या गोष्टींच्या चळतीवर) गेली की ती ज्या कार्डातून निघाली त्याच्यावर अवलंबून राहत नाही. सॉर्सरर मेला तरी ते एक डॅमेज होणारच. पुढच्या रविवारी मी तो नियम सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. निपाणीकराचा चेहरा असा खुलला की, हे काम आपणच अंगावर घ्यायचं हे मी तिथेच ठरवलं.

आमचे निम्मे वाद स्टॅकपाशीच मिटले. भाकऱ्यांची चळत असते तसा हा स्टॅक: शेवटी ठेवलेली आधी उचलायची. २/२ अस्वलावर बोल्टचे तीन डॅमेज येत असताना मालकाने +३/+३ देणारा जायंट ग्रोथ टाकला, तर आधी जायंट ग्रोथ लागतो, अस्वल ५/५ होतं आणि वाचतं. उलट जायंट ग्रोथ आधी टाकला आणि त्यावर समोरच्याने बोल्ट मारला, तर अस्वल आधी मरतं आणि जायंट ग्रोथला टार्गेटच उरत नाही. तीच दोन कार्डं, निकाल उलटा. म्हणून आता आम्ही “काय टाकलंस?” याच्या आधी “कुणी आधी टाकलं?” हे विचारतो.

खरी कसोटी लागली ती ब्लड मून आणि उर्बोर्गच्या वेळी. पावसाळ्याचे दिवस, शहापुरात मित्राच्या माडीवर डाव रंगलेला. टेबलावर ब्लड मून होतं. ते म्हणतं, सगळ्या नॉनबेसिक लँड या माउंटन आहेत (लँड म्हणजे माना, म्हणजे कार्डं टाकायची ऊर्जा, देणारं कार्ड; साध्या लँडपलीकडची ती नॉनबेसिक; माउंटन लाल माना देते, स्वॅम्प काळी). आतेभावाने नंतर ‘उर्बोर्ग, टूम ऑफ यॉगमॉथ’ खाली ठेवलं. ती स्वतः नॉनबेसिक लँड, आणि तिच्यावर लिहिलंय की प्रत्येक लँड तिच्या इतर प्रकारांसोबत स्वॅम्पही आहे. आतेभाऊ म्हणाला, “माझं कार्ड नंतर आलंय, त्यामुळे माझं चालणार.” गोकाकचा मित्र म्हणाला, “ब्लड मून आहे तोवर तुझी लँड माउंटनच रे!” आणि दोघेही इरेला पेटले.

मी आधी दोन्ही कार्डांचा सध्याचा अधिकृत मजकूर काढला. हे कधीच चुकवायचं नाही. कार्डावर छापलेलं जुनं असू शकतं, गॅदरर या अधिकृत कार्डसंग्रहाच्या साइटवरचं ओरॅकल, म्हणजे सध्याचं अधिकृत, शब्दांकन हेच ग्राह्य. मग प्रश्न कागदावर लिहिला: टेबलावर काय आहे, कोणत्या क्रमाने आलं, कुणाला काय करायचंय. नीट लिहिता लिहिता वादाचा निम्मा धूर विरतो.

मग नियम ६१३, म्हणजे लेयर. एकाच वेळी लागू असलेले परिणाम ठरलेल्या क्रमाने लावायचे: कॉपी, ताबा, मजकूर, प्रकार, रंग, एबिलिटी आणि शेवटी पॉवर-टफनेस. एकाच लेयरमध्ये दोन परिणाम आले तर साधारणपणे जुना आधी, नवा नंतर. आतेभावाचा मुद्दा इथवर चोख होता. पण ६१३.८ मध्ये अपवाद आहे. एक परिणाम लावल्याने दुसऱ्याचं अस्तित्वच जात असेल, तर दुसरा पहिल्यावर अवलंबून आहे असं धरतात, आणि मग आधी-नंतर बघत नाहीत. ३०५.७ प्रमाणे लँडचा प्रकार बदलून माउंटन केला की तिच्यावर लिहिलेल्या एबिलिटी जातात. म्हणजे ब्लड मून आधी लागतं, उर्बोर्गची एबिलिटी तिथेच संपते आणि स्वॅम्प कुठेच होत नाही. उर्बोर्ग लेजंडरी राहते, नावही तेच राहतं, पण माना लाल.

आतेभावाने नियम स्वतः तीनदा वाचला. “पटलं,” म्हणाला, आणि लाल मानासाठी लँड टॅप केली. हरला, पण कुरकुर केली नाही. निकाल माझ्या तोंडून आला असता तर खानापूरच्या बसपर्यंत हुज्जत घातली असती. क्रमांकासकट छापील वाक्य समोर आलं की माणूस ते माझ्याकडून नाही, खेळाकडून ऐकतो.

सगळी उत्तरं एकच असतात असंही नाही, आणि मला या खेळातलं हेच फार आवडतं. हार्डन्ड स्केल्स हे कार्ड एक काउंटर (क्रीचरवर ठेवायची +१/+१ ची खूण) वाढवतं, डबलिंग सीझन दुप्पट करतं. क्रीचरवर एक काउंटर येणार असेल तर तीन होणार की चार? नियम ६१६.१ सांगतो, ज्याचं क्रीचर त्याने क्रम निवडायचा. आधी वाढवून मग दुप्पट केलं की चार. इथे वादाला जागाच नाही, फक्त खेळाडूला आपला हक्क ठाऊक हवा. आमच्यातल्या आठवीतल्या भाच्याला तो ठाऊक नव्हता आणि समोरचा बिनधास्त तीनच मोजत होता.

आता आमच्याकडे एक वही आहे. प्रत्येक निकाल, त्याचा क्रमांक आणि तारीख. तारीख लागतेच, कारण नियम बदलतात. एका हल्लेखोराला अनेकांनी अडवलं की डॅमेजसाठी त्यांचा क्रम लावावा लागायचा. ती पायरी नोव्हेंबर २०२४ मध्ये फाउंडेशन्स सेटसोबत काढून टाकली. आता डॅमेज हवा तसा वाटता येतो. ट्रॅम्पल (उरलेला डॅमेज खेळाडूला देण्याची एबिलिटी) असेल तर मात्र खेळाडूला काही देण्याआधी प्रत्येक अडवणाऱ्याला मरण्यापुरता द्यावाच लागतो. वहीतल्या त्या जुन्या नोंदींवर भाच्याने लाल पेनने काट मारली आणि शेजारी नवा नियम स्वतःच्या अक्षरात उतरवला.