वकीलसाहेबांना साडेनऊ हवंय

ऑफिसमधून घरी येऊन दोन तास झाले तरी डोकं शांत होईना म्हणून लिहितोय. गाव, नावं सांगणार नाही, थोडे तपशीलही बदललेत.

केस अॅलिबीची, म्हणजे घटनेच्या वेळी आरोपी तिथे नव्हताच असा आमचा बचाव. सरकार पक्षाच्या म्हणण्याप्रमाणे मारामारी रात्री साडेनऊची. आज आरोपीचा भाऊ साक्षीदाराला घेऊन आला, एसटी स्टँडबाहेर चहाची टपरी चालवणारे काका, साठीच्या पुढचे. मी विचारलं, पोरगं तुमच्याकडे किती वाजता होतं? काका लगेच म्हणाले, साडेनऊ. घड्याळ बघितलं होतं का? नाही. मग साडेनऊच कसं लक्षात राहिलं? काका भावाकडे बघायला लागले आणि म्हणाले, "ह्यानं सांगितलं ना, वकीलसाहेबांना साडेनऊ हवंय."

पोटात कालवलं. कारण गेल्या आठवड्यात मीच भावाला म्हणालो होतो की साडेनऊला तो दुसरीकडे होता हे सांगणारं कुणीतरी शोध. असं बोलायलाच नको होतं, त्या रात्री तो कुठे कुठे होता, कुणी कुणी बघितलं, एवढंच विचारायला हवं होतं. साक्षीदार पढवायला कागदावर काही लिहून द्यावं लागत नाही, माझं ते एक वाक्य पुरलं.

भावाला बाहेर बसवलं. म्हटलं काका, साडेनऊ विसरा, त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते तुमच्या पद्धतीनं सांगा, मी मध्ये बोलत नाही. मग सकाळी दूध नासलं ते आलं, सिलेंडर संपला ते आलं, आणि शेवटी मुक्कामाची गाडी आली. ती नऊच्या सुमारास येते, ड्रायव्हर-कंडक्टरला चहा दिला की काका टपरी बंद करतात. पोरगं गाडीच्या आधी आलं की नंतर? "आधी. गाडी आली तेव्हा गेलेलं, बाक मोकळा होता, त्यावरच कंडक्टर बसला."

हे मात्र त्यांचं स्वतःचं होतं.

घटनेची जागा तिथून चालत दहा मिनिटं. दूधनाथ पांडे केसमध्ये 1981 साली सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की बचावाच्या साक्षीदाराला सरकारी साक्षीदारासारखीच वागणूक द्या, आम्ही वकील ते नेहमी वाचून दाखवतो, पण त्याच निकालात हेही आहे की अॅलिबी म्हणजे आरोपी त्या वेळी तिथे असणं शक्यच नव्हतं असं दाखवायचं. इथे तर अर्धा तास मोकळा राहतो.

भावाला आत बोलावून सांगितलं, काकांना पिंजऱ्यात उभं करायचं नाही. तो म्हणाला, "साहेब अर्ध्या तासाचाच तर प्रश्न आहे, आठ महिने झाले तो आत आहे." मला त्याचा राग नाही आला, पण खोट्या साक्षीला न्याय संहितेच्या कलम 229 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि शपथ घेऊन ते वाक्य बोलणार काका. म्हटलं केस सोडत नाहीये, गुन्हा शाबित करायचं ओझं सरकार पक्षावर आहे, त्यांचे साक्षीदार पोलिसांपुढच्या जबाबापेक्षा कोर्टात वेगळं बोलले तर उलटतपासणीत एकेक मुद्दा धरेन, पण खोटं आहे हे माहीत असलेली साक्ष मी कोर्टापुढे ठेवणार नाही. तो काही न बोलता उठला.

जिन्यात काका थांबले होते. "म्हणजे मला यायचं नाही ना कोर्टात?" नाही म्हटलं. "बरं झालं बाबा, चार रात्री झोप नाही मला."