घर जवळ आलं की दिंडी सुटते

आमच्या दिंडीत नवा माणूस भिशी, म्हणजे वारीतल्या जेवणाखाण्याची वर्गणी, भरायला आला की त्याला एवढंच सांगतो: आषाढीपर्यंतचा दिवस आता तुमचा नाही. तो मान डोलावतो. खरी परीक्षा पुण्यात होते.

सगळं देवावर सोडलं, असं घरी बसून म्हणता येतं. वारीत त्याला तीन कर्णे असतात, म्हणजे निघण्याआधी तीनदा शिंग फुंकलं जातं. पहिल्याला उठून वळकटी बांधायची, राहुटी उतरवायची. दुसऱ्याला दिंडीत आपल्या जागी उभं राहायचं. तिसऱ्याला पाऊल उचलायचं. चहा राहिला तर राहिला. पुढे पताका, मग टाळकरी, मध्ये मृदंग, मागे विणेकरी, त्यामागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. अभंग विणेकरी लावतो. वीणा खाली ठेवत नाहीत. त्याला विसावा हवा असेल तर ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. सकाळी भूपाळ्या आणि काकडा, पुढे वासुदेव, आंधळे-पांगळे, गौळणी अशा प्रकारचे अभंग, दुपार कलली की हरिपाठ. जिभेचाही दिवस ठरलेला. कोणाशेजारी झोपायचं, काय जेवायचं, हेही आपल्या हातात नाही. तरी या सगळ्यापेक्षा जड जातं ते आपली चाल सोडणं. भरभर चालणारे ओळ सोडून पुढे तळावर, म्हणजे मुक्कामाच्या जागी, जाऊन झोपतात. ते पंढरपूरला पोचतात, पण दिंडीत चाललेले नसतात.

पुण्यात माउलींची, म्हणजे ज्ञानेश्वरांची, पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात, तुकोबाराय नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. मुक्काम दोन रात्रींचा. इथेच आम्हा पुणेकरांची गंमत होते. घर रिक्षाच्या अंतरावर, मग गरम पाणी, गादी, पंखा, ऑफिसचे फोन. तिसऱ्या दिवशी पहाटे कर्णा होतो तेव्हा माणूस घरी असतो आणि हडपसरला गाठतो म्हणून फोन करतो. हडपसरच्या गर्दीत दिंडी सापडत नाही. त्यात गाडीतळावर तुकोबारायांची पालखी सोलापूर रस्त्याला लागते आणि माउलींची सासवडकडे वळते. घरी जायला हरकत नाही, पण झोपायला दिंडीतच यावं.

दुसरी चूक लक्ष्मी रोडवर होते. घाटासाठी म्हणून नवे बूट घेतले जातात. महिनाभर वापरलेली चप्पल त्याहून बरी. बूटच घालायचे तर ओल न धरणारे मोजे, बोटांमध्ये व्हॅसलीन, आणि मोजे ओले झाले की लगेच बदलायचे. फोड येतो तो ओल्या कातडीवरच्या घर्षणाने, अंतराने नव्हे.

पुणे ते सासवड हा माउलींच्या वाटेतला सगळ्यात लांब टप्पा, सुमारे ३२ किलोमीटर, आणि बहुतेक वर्षी त्याच दिवशी एकादशी. वाटेत लोक साबुदाण्याची खिचडी आग्रहाने वाढतात. ताटभर खाल्ली की वडकी नाल्याच्या विसाव्यानंतर दिवे घाटात तहान आणि जळजळ दोन्ही सुरू. मूठभर खिचडी, एक-दोन राजगिरा लाडू, केळं आणि सैंधव घातलेलं लिंबू सरबत पुरतं. पाणी दर अर्ध्या तासाला दोन-तीन घोट, तहान लागायची वाट न पाहता. रोजची औषधं वळकटीत बांधू नका. ट्रक पुढे गेलेला असतो आणि संध्याकाळपर्यंत भेटत नाही. खांद्याच्या पिशवीत औषधं, मिठाची पुडी, दोन मीटर प्लॅस्टिक, बस.

तळावर समाजआरती असते. पालखीची शिस्त राखणारा चोपदार हातातला दंड उंचावतो आणि एवढा समुदाय गप्प होतो. ज्या दिंडीची तक्रार आहे तिचे टाळ मात्र वाजत राहतात. चोपदार तिथे जातो, ऐकून घेतो, निवाडा होतो, मग ते टाळ थांबतात. हरवलं-सापडलं पुकारलं जातं, आणि आरती. तक्रार दाबायची नाही, पण तीही टाळावरच. पाण्याचा टँकर आला नाही, जागा कमी पडली, असल्या तक्रारी तिथे चालतात. नव्या बुटांची चालत नाही.